मन पाहायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आळते गावाजवळ रामलिंग रस्त्यावर ‘धम्मालय’ हे विपश्यना केंद्र आहे. पेठ वडगाव, कुंभोज, हातकणंगले, इचलकरंजी या पट्ट्यातले अनेक वाचक तिथे जाऊन आले आहेत आणि त्याहून जास्त जण जावे की नाही या विचारात अडकले आहेत. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. विचार थांबत नाहीत, म्हणजे मला जमणार नाही का? आम्ही माळकरी, आम्ही जैन. तिथे बसलो तर आमच्या श्रद्धेचे काय? बुद्ध आत्मा मानत नाहीत, मग मनाकडे पाहतो तो कोण? झोपेची गोळी चालू आहे, दहा दिवस बंद ठेवली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी घ्या. चालणार नाही. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बाकीच्या प्रश्नांकडे आता वळू.

कुठे पाहायचे, हे आधी ठरवा

‘मनाकडे पाहा’ असे म्हटले की बहुतेक जण डोळे मिटून विचारांच्या मागे धावतात आणि पाच मिनिटांत थकतात. ‘सतिपट्ठान सुत्त’ या बुद्धांच्या उपदेशात पाहण्याच्या चार जागा सांगितल्या आहेत:

- काया: श्वास, बसणे, उठणे, चालणे.
- वेदना: अंगावर आणि मनात उठणारी सुखद, दुःखद किंवा दोन्हींपैकी काहीच नसलेली संवेदना.
- चित्त: या घडीला ते रागावलेले आहे, हावरे आहे, विखुरलेले आहे की स्थिर आहे.
- धम्म: मनात येणारे विषय, त्यांतले अडथळे, त्यांची कारणे.

नवख्या माणसाने चारही जागा एकदम धरू नयेत. श्वासापासून सुरुवात करा. मात्र खरे काम दुसऱ्या जागेवर, वेदनेपाशी होते. ते का, हे एका प्रसंगातून पाहू.

समजा, घरात जमिनीच्या वाटणीचा वाद चालू आहे. तुम्ही मळ्यात आहात. चुलतभावाचा फोन येतो आणि तो सांगतो, बांध आम्ही आमच्या हिशेबाने सरकवून घेतलाय. कानावर आवाज पडला आणि त्याची जाणीव झाली, याला बौद्ध परंपरेत विज्ञान म्हणतात. मनाने त्या आवाजाला लगेच खूण लावली की हा तोच, याचा काहीतरी डाव आहे. ही संज्ञा. कानशिले तापली, छातीत कढ आला, ही वेदना. तोंड उघडायच्या आत शिवी मनात तयार झाली, आजवरच्या सगळ्या भांडणांची उजळणी सुरू झाली, हा संस्कार. आणि कान, छाती, कानशिले धारण करणारे शरीर म्हणजे रूप. पाच स्कंध म्हणतात ते हेच. सगळे दोन-तीन क्षणांत उरकते आणि आपण म्हणतो, ‘त्याने मला राग आणला.’

या साखळीत तुम्हाला हात घालता येईल अशी जागा फार थोडी असते. आवाज कानावर पडणे तुमच्या हातात नाही. खूण लागणेही बहुतेक वेळा हातात नसते, ती जुन्या सवयीने लागते. पण कानशिले तापली आहेत हे कळले, तर शिवी बाहेर पडण्यापूर्वी श्वासभर अवधी मिळतो. सगळी साधना या अवधीसाठी आहे. मग कदाचित तुम्ही एवढेच म्हणाल, ‘भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी घेऊ, जे निघेल ते दोघांनी मानू.’ तुमचा हक्क जागेवर राहतो आणि पुढची दहा वर्षे पुरेल असे वैर त्या एका फोनवर उभे राहत नाही.

सुखद संवेदनेलाही हाच नियम लागू आहे, आणि ते लोकांच्या लक्षात येत नाही. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की अंगात जी हलकी लहर येते, तिच्याच भरात नको ती खरेदी आणि नको तो जामीन घडतो. जामिनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती लहर अंगात कुठे आहे, हे पाहून घ्या.

पाहणारा कोण?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण ‘मी साक्षी आहे’ हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. साती नावाच्या एका भिक्षूचाही असाच समज होता: एकच विज्ञान जन्मोजन्मी फिरत राहते, तेच भोगते, तेच पाहते. बुद्धांनी त्याला फटकारले आणि विस्तवाचा दाखला दिला. आपल्या भाषेत सांगायचे तर पाचटाला लागली ती पाचटाची आग, गोवरीला लागली ती गोवरीची. जळण संपले की ती आगही संपली. डोळा आणि दृश्य एकत्र आले की पाहण्याची जाणीव उठते, कान आणि आवाज एकत्र आले की ऐकण्याची. मागे बसलेला कायमचा कोणी पाहणारा बुद्धांनी मानला नाही.

हे तुम्हाला पटले पाहिजे अशी अट नाही. बसताना हा वाद सोडवायला घेऊ नका. ‘पाहणारा कोण’ हा विचार आला, तर विचार आला एवढी नोंद करा आणि श्वासावर या. माळकऱ्याला विठ्ठल सोडावा लागत नाही. कुंभोजच्या बाहुबलीला जाणाऱ्याला आत्म्यावरची श्रद्धा सोडून दारात यावे लागत नाही. मात्र शिबिराच्या दहा दिवसांत माळ, नामजप, पोथी, पूजा, उपास, व्रत हे सगळे बाजूला ठेवावे लागते. एका पद्धतीत दुसरी मिसळू नये, हे त्यामागचे कारण. दहा दिवस माळ आणि जप बाजूला ठेवणे मनाला पटत नसेल, तर शिबिराला जाऊ नका. त्यात कमीपणा काही नाही, आणि घरी श्वास पाहायला कोणाची आडकाठी नाही.

अन्याय झाला तरी नुसते पाहत बसायचे?

मुळीच नाही. माणगाव याच हातकणंगले तालुक्यात आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि राजर्षी शाहू महाराज त्या परिषदेला उपस्थित होते. पुढे १९५६ मध्ये नागपूरला धम्म स्वीकारणाऱ्या बाबासाहेबांनी मनाला महत्त्व दिलेच, पण माणसाने माणसाशी कसे वागावे याला धम्माच्या मध्यभागी ठेवले. आंबेडकरी चळवळीतल्या काही कार्यकर्त्यांची विपश्यनेवर टीका आहे की तिथे माणूस आत वळतो आणि बाहेरचा प्रश्न विसरतो. मला ही टीका मोलाची वाटते, कारण असे घडताना दिसते. मन पाहण्याने झगडा सोडायचा नसतो. डोके ठिकाणावर ठेवून झगडायचे असते.

म्हणून एक गोष्ट ठाम लक्षात ठेवा. घरात मारहाण होत असताना ‘समता ठेव, संवेदना पाहा’ असे कोणी सांगत असेल, तर तो सल्ला बौद्ध विचाराचा नाही आणि माणुसकीचाही नाही. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि संरक्षणासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. आधी सुरक्षित जागी जा. श्वास त्यानंतर.

घरी सुरुवात अशी करा

शिबिरापूर्वी काही आठवडे घरी बसून पाहावे, असे माझे मत आहे. केंद्राची ती अट नाही, पण त्यामुळे दहा दिवसांत काय वाट्याला येणार याचा अंदाज येतो.

1. पहाटे धार काढून झाल्यावर किंवा रात्री जेवणाआधी, रोज एकच वेळ धरा. जेवून लगेच बसू नका.
2. मांडी दुखत असेल तर खुर्चीवर बसा. पाठ सरळ असली म्हणजे झाले.
3. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता आवाज बंद करून भागत नाही, हात तिकडे जातोच.
4. नाकपुड्यांच्या आत आणि त्यांच्याखाली वरच्या ओठावर येणारा-जाणारा श्वास जाणवतो का, ते पाहा. श्वास लांब करू नका, रोखू नका. हा प्राणायाम नव्हे.
5. मन गेले की ‘गेले’ एवढे कळू द्या आणि परत या. शंभरदा गेले तर शंभरदा परत. मन गेल्याचे कळणे हेच इथले काम आहे, त्यामुळे ‘विचार थांबत नाहीत’ म्हणून निराश होऊ नका.
6. दहा मिनिटांनी उठा. चांगले वाटतेय म्हणून पहिल्याच आठवड्यात तासभर ताणू नका.

विपश्यना भारतात आणणाऱ्या गोयंका गुरुजींच्या आवाजातील आनापानाच्या, म्हणजे श्वास पाहण्याच्या, छोट्या सूचना विपश्यनेच्या संकेतस्थळावर मोफत ऐकता येतात. त्यांच्या आधारे बसले तरी चालते.

हमखास आडवे येणारे अडथळे

बौद्ध ग्रंथांत पाच अडथळे सांगितले आहेत: हव्यास, द्वेष, सुस्ती, अस्वस्थपणा आणि शंका. वाचकांची सर्वाधिक तक्रार सुस्तीची असते, आणि तिच्यावर बुद्धांनी मोग्गल्लान या शिष्याला सांगितलेले उपाय कमालीचे व्यवहारी आहेत. ध्यानाचा विषय बदला. कानाच्या पाळ्या ओढा, हातपाय चोळा. उठून डोळ्यांवर पाणी मारा, आकाशातल्या चांदण्यांकडे पाहा. मनात उजेड आणा. चाला. एवढे करूनही झोप हटत नसेल, तर उजव्या कुशीवर सरळ झोपून घ्या आणि जाग येताच उठा. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या वाचकांनी हा शेवटचा उपाय पहिला मानावा. ज्या शरीराला झोप हवी आहे, त्याला झोपच द्यावी.

एकच विचार छळत असेल, तर त्यावरही क्रम सांगितलेला आहे. आधी त्याच्या जागी दुसरा चांगला विचार आणून पाहा. नाही जमले तर या विचाराने माझे काय नुकसान होते ते पाहा. तरीही नाही, तर त्याच्याकडे लक्षच देऊ नका. दाबून टाकणे अगदी शेवटी येते. आपण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतो.

शंकेबद्दल इतकेच की ती विचारून टाका. मनात घोळवत बसू नका.

आळत्याला दहा दिवस जायचे असेल तर

विपश्यनेची ही पद्धत सत्यनारायण गोयंका यांनी म्यानमारचे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकून १९६९ मध्ये भारतात आणली. इगतपुरीचे धम्मगिरी हे तिचे प्रमुख केंद्र. आळत्यासह सर्व केंद्रांवर शिबिराचा साचा एकच असतो.

- अर्ज: विपश्यनेच्या संकेतस्थळावर केंद्राचे वेळापत्रक पाहून ऑनलाइन भरा. होकार आल्याशिवाय पिशवी उचलून निघू नका. आजार, औषधे, व्यसन, पूर्वीचे मानसिक उपचार, रेकीसारख्या पद्धती यांबद्दल विचारतात. एकही गोष्ट लपवू नका.
- दिवस: पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू. रात्री साडेनऊच्या सुमारास दिवे बंद. दिवसभरात दहा तासांच्या आसपास बसणे असते आणि संध्याकाळी ध्वनिमुद्रित प्रवचन. मराठी भाषांतर हवे असेल तर अर्ज करतानाच विचारा.
- क्रम: पहिले तीन दिवस फक्त श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहणे. तेव्हापासून दिवसातून तीन वेळा तासभर न हलता बसण्याचा निश्चय. दहाव्या दिवशी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचे भले चिंतणे. अकराव्या दिवशी सकाळी समाप्ती.
- मौन: दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत. पण आचार्यांना साधनेबद्दल आणि व्यवस्थापकांना राहण्या-जेवण्याबद्दल विचारता येते. गुडघा सुजला, पाळी आली, ताप आला, तर मौन आहे म्हणून सोसत बसू नका.
- जेवण: शाकाहारी. नवीन साधकांना संध्याकाळी चहा-दूध आणि हलका फराळ मिळतो, जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, दुपारनंतर जेवण नसते. कांदा-बटाटा वर्ज्य असणाऱ्या जैन वाचकांनी आधीच कळवावे.
- खर्च: शुल्क नाही. दान किमान एक शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच घेतात, तेही ऐच्छिक. आचार्यांना मानधन नसते.
- रजा: या शिबिरासाठी राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना १४ दिवसांच्या परावर्तित रजेची तरतूद केलेली आहे. अटी आस्थापना शाखेकडून लेखी विचारून घ्या आणि केंद्राचे प्रमाणपत्र जपून ठेवा.

हातकणंगले रेल्वे स्थानकावर उतरून पुढे जाता येते. वडगावकरांना तर तालुक्यातल्या तालुक्यातच जायचे आहे.

जवळ आहे म्हणून घरचा पाश सुटतो असे मात्र नाही. मोबाइल जमा करावा लागतो, वाचन-लेखन बंद असते. पाण्याची पाळी कोण धरणार, जनावरांचे कोण पाहणार, आईचे औषध कोण देणार, हे ठरवून त्या माणसाला लिहून द्या. तातडीच्या निरोपासाठी केंद्राचा क्रमांक घरी ठेवा. गळीत हंगामात तोड दारात आली असताना जाऊ नका, मन दहा दिवस फडातच राहील. मुलीच्या लग्नाची, कर्जाच्या हप्त्याची टांगती तलवार असेल, तर तो विषय मार्गी लावून मग जा.

आणि मधेच निघावेसे वाटले तर? दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी अनेकांना तसे वाटते. पूर्ण दहा दिवस राहण्याची तयारी असेल तरच या, असे केंद्र आधीच सांगते, आणि ते योग्य आहे. पण तुम्ही सज्ञान आहात. त्रास सोसवेनासा झाला, झोप पूर्ण उडाली, भास होऊ लागले, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर आचार्यांना त्याच क्षणी स्पष्ट सांगा आणि घरी जायचे असल्यास तसे म्हणा.

कोणी आधी डॉक्टरांकडे जावे

गोयंका स्वतः १९५५ मध्ये अर्धशिशीला कंटाळून ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. आजार बरा करायचा म्हणून येऊ नका, असे त्यांना सुरुवातीलाच बजावले गेले. हे आजही तितकेच लागू आहे. पुढीलपैकी काही असेल, तर दहा दिवसांचे मौन तुमच्यासाठी नाही, निदान आत्ता तरी नाही:

- स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार, किंवा पूर्वी भास-भ्रम झालेले असणे
- तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार
- नुकताच बसलेला मोठा धक्का: अपघात, घरातला मृत्यू, अत्याचार
- दारू सोडून थोडेच दिवस झालेले असणे

अशांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सीपीआर’मध्ये जाता येते. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मोफत मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळण्याचा आणि तुमची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला आहे. ‘वडगावात कळेल’ या भीतीने थांबू नका. उपचार चालू असताना काही जणांना डॉक्टरांच्या संमतीने घरी थोडा वेळ श्वासावर बसता येते. नैराश्य पुन्हा उलटू नये यासाठी सजगतेवर आधारित उपचार पाश्चात्य देशांत डॉक्टरही सुचवतात, पण तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

विपश्यनेखेरीज दुसऱ्या वाटा

- लोणावळ्याजवळ भाजे येथे त्रिरत्न बौद्ध महासंघाची शिबिरे होतात. तिथे आनापानासती आणि मैत्रीभावना शिकवतात. चर्चेला वाव असतो, त्यामुळे दीर्घ मौन नको वाटणाऱ्यांना हे सोयीचे पडते.
- बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा श्रामणेर शिबिरे, म्हणजे काही दिवस नवशिका भिक्षू म्हणून राहण्याची शिबिरे, घेते. तिथे ध्यानापेक्षा शील, वंदना आणि धम्माच्या अभ्यासावर भर असतो.
- वाचून मग ठरवणाऱ्यांनी गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचे ‘समाधिमार्ग’ वाचावे. श्रीलंका आणि ब्रह्मदेशात राहून शिकून आलेल्या माणसाने मराठीत लिहिलेले हे छोटेखानी पुस्तक आजही उपयोगी पडते.
- मुलांसाठी एक दिवसाची आनापान शिबिरे असतात. मुलाला तिथे ‘सुधारायला’ पाठवू नका. त्याची इच्छा विचारा.

पैसा आणि गुरू

ध्यानाचा बाजार आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. शुल्क घेणारा प्रत्येक जण लबाड नसतो, जागेला आणि जेवणाला खर्च येतोच. पण तीन गोष्टी दिसल्या की पाय मागे घ्या: रोग हमखास बरा होईल अशी हमी, डॉक्टर सोडण्याचा आग्रह, आणि ‘पुढची पायरी’ जास्त पैशांवर. चमत्काराचा देखावा करून लुबाडणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार तुमच्या पोलीस ठाण्यातच करता येते. पावती मागा. न देणाऱ्याला पैसे देऊ नका.

परत आल्यावर

शिबिरानंतर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा असे सांगतात. संसारी माणसाला हे जड जाते, आणि नेम मोडला की लोक सगळेच सोडून देतात. तास जमत नसेल तर वीस मिनिटे बसा, पण रोज बसा. आठवड्यातून एकदा गावातल्या जुन्या साधकांबरोबर एकत्र बसण्याची सोय होते का, ते केंद्राला विचारा. एकट्याने टिकवणे फार अवघड आहे.

घरच्यांना लगेच उपदेश करू नका. बायकोला ‘तू प्रतिक्रिया देतेस’ असे म्हणणारा नवरा दहा दिवसांत काहीच शिकून आलेला नसतो. त्या दहा दिवसांत घर तिने एकटीने ओढलेले असते. पुढच्या शिबिराचा अर्ज भरायचा असेल तर तो तिच्या नावाने भरा, आणि त्या दहा दिवसांचा स्वयंपाक, मुलांची शाळा आणि धारा तुमच्याकडे घ्या.